ज्या गावी नऊ जण आले, तिथे पुन्हा जा

आलेले पत्र, थोडक्यात:

"मी 28 वर्षांची आहे आणि पुण्यात कोथरूडला राहते. सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि उरलेल्या वेळात गिटारवर माझीच मराठी गाणी गाते. दोन कवितांनाही मी चाली लावल्या आहेत. साथीला कोणी नाही, कार्यक्रम ठरवून देणारेही कोणी नाही. गेल्या जानेवारीत नऊ दिवसांत सहा गावांचा पहिला दौरा केला. खर्च 31,000 रुपये झाला आणि हाती 17,500 आले. एका आयोजकांनी कबूल केलेले 5,000 अजून दिलेले नाहीत. एका कॅफेत कॉफीच्या यंत्राच्या घरघरीत गावे लागले. नाशिकला तर फक्त नऊ माणसे होती. मला इतकी लाज वाटली की शेवटची दोन गाणी गाळून मी कार्यक्रम आटोपता घेतला. आता दिवाळीनंतर 22 दिवसांत 14 शहरे, त्यात बंगळूरु, हैदराबाद आणि दिल्लीही, असा दौरा आखते आहे. एकटीने रात्रीचे प्रवास नकोत, असे आई म्हणते. हा दौरा करावा का? पैशांचे बोलणे कसे करावे? आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर गाण्याची लाज कशी घालवावी? (नाव प्रसिद्ध करू नये.)"

नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात नाशिकच्या त्या नऊ श्रोत्यांचा उल्लेख चार वेळा आला आहे. त्यातल्या एका ठिकाणी तुम्ही ओझरते लिहिले आहे की कार्यक्रमानंतर दोघांनी गाण्यांचे शब्द मागितले आणि एका निवृत्त शिक्षिकेने "एकदा आमच्या घरी करा" असे सुचवले, पण ते सौजन्याचे बोलणे असावे असे समजून तुम्ही निघून आलात. तुमच्या सबंध दौऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि तिन्ही प्रश्नांचे उत्तर मी तिच्याच आधाराने देणार आहे.

14 शहरांचा दौरा या वर्षी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या चौदाही शहरांत तुम्ही अनोळखी असाल आणि तिथे पुन्हा जायला दीड-दोन वर्षे लागली, तर दुसऱ्यांदाही अनोळखीच असाल. त्याऐवजी दोन फेऱ्यांत बसतील अशी मोजकीच गावे निवडा आणि एका वर्षात त्या प्रत्येक गावी तीन वेळा जा. पहिल्या वेळी जे नऊ जण येतात, त्यांतले पाच दुसऱ्या वेळी परत येतात आणि येताना शेजारच्या वा कचेरीतल्या कोणाला तरी घेऊन येतात. मी स्वतः पेटी घेऊन पंधरा वर्षे गावोगाव एकटीने गायले आणि माझा श्रोता नेहमी असाच, माणसामागून माणूस, वाढला. जाहिरातीने आलेला श्रोता एखादी संध्याकाळ ऐकून जातो, पण ज्याला कोणी हाताला धरून आणले आहे तो पुढच्या वेळी स्वतः कोणाला तरी आणतो.

आपल्याकडे एकट्याने फिरणाऱ्या कलावंताचे जुने आणि अजूनही चालू असलेले उदाहरण म्हणजे नारदीय कीर्तनकार. ते त्याच देवळात, त्याच उत्सवाला, वर्षानुवर्षे जातात. तबला-पेटीची साथ बहुधा गावातलीच असते, उतरण्याची सोय कोणाच्या तरी घरी होते, जेवण दुसऱ्या घरी असते, आणि निघताना बिदागी मिळते. उत्तररंग, म्हणजे कीर्तनातला कथेचा भाग, संपला की आरतीचे ताट फिरते आणि ज्याला जेवढे द्यावेसे वाटते तेवढे तो टाकतो. यातली प्रत्येक सोय तुमच्या उपयोगाची आहे: ठरलेला काळ, गावातला यजमान, घरची पथारी आणि संकोचाविना फिरणारे ताट. खासगी बैठकींचेही तसेच होते. वाड्याच्या माडीवर जाजम अंथरून वीस-तीस जाणत्यांसमोर गाणे ही पुण्यात कधीच कमीपणाची बाब नव्हती. तिकीट लावून मोठ्या सभागृहात भरणारी मैफल आपल्याकडे त्यामानाने नंतर आली, आणि ती रुजवण्यात गायक आणि संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांचा मोठा वाटा होता. त्यामुळे रिकाम्या खुर्च्या मोजण्याची सवय तुम्हाला सभागृहाच्या मोजमापाने लागलेली आहे. नऊ माणसे जाजमावर समोर बसली असती, तर ती बैठक तुम्हाला भरलेली वाटली असती. म्हणून एक अगदी व्यावहारिक सूचना करते. खुर्च्या नेहमी येणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी मांडायला सांगा आणि जास्तीच्या भिंतीशी रचून ठेवा. आठ खुर्च्या आणि नऊ माणसे असतील, तर नववी खुर्ची आणताना खोलीत जी हालचाल होते, तिने वातावरणच बदलते.

आणि शेवटची दोन गाणी पुन्हा कधीही गाळू नका. जे आले होते त्यांचे त्यात काहीही चुकले नव्हते.

आता तुमच्या हिशेबाकडे पाहू. तुम्ही जोडलेल्या तपशिलानुसार 31,000 पैकी प्रवास 6,200, लॉज 11,400, जेवणखाण 5,400, रिक्षा 4,000 आणि छापील व समाजमाध्यमांवरच्या जाहिराती 4,000 असा खर्च आहे. तूट 13,500 ची. लॉजऐवजी यजमानांच्या घरी उतरला असता, तर ती 2,100 वर आली असती, आणि बुडालेले 5,000 मिळाले असते, तर तुम्ही 2,900 रुपये शिल्लक घेऊन घरी परतला असता. तुमचा दौरा फसला नव्हता. त्याची सोय चुकीच्या ठिकाणी केली होती आणि एक व्यवहार लेखी केला नव्हता, इतकेच. जाहिरातीचे 4,000 मी पहिल्यांदा काढून टाकीन. घरगुती बैठकीला यजमानांनी स्वतः केलेले पंचवीस फोन त्याहून अधिक माणसे आणतात.

माझ्या दृष्टीने तुमची पहिली फेरी दक्षिणेची असावी: सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर. गुरुवारी निघून मंगळवारी परत, मधला एक दिवस विश्रांतीचा. साताऱ्याचे रेल्वे स्थानक गावाबाहेर माहुलीला असल्यामुळे तिथवर एसटीने जाणे सोयीचे, अंतर 110 किलोमीटरच्या आसपास आहे. पुढे सांगलीला जावे. सांगलीहून मिरज अगदी शेजारी आणि कोल्हापूर सुमारे 50 किलोमीटर. परतताना कोल्हापूरहून दिवसा धावणारी कोयना एक्स्प्रेस आहे, म्हणजे आईंच्या काळजीचाही विचार होतो. ही गावे मी अंतरासाठीच सुचवत नाही. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची पिढ्यानुपिढ्या चाललेली घरे आहेत, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात दर वर्षी गायले जाते, आणि कोल्हापुरात गायन समाज देवल क्लबसारखी एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली संस्था आहे. तिथला श्रोता गिटारला बिचकणार नाही, पण बेसूर मात्र खपवून घेणार नाही. तुमच्यासारख्या गाणारीला असाच श्रोता हवा. दुसरी फेरी नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर अशी करता येईल. पुण्याहून नाशिकला सरळ जाणारा रेल्वेमार्ग नसल्यामुळे संगमनेरवरून बसचाच रस्ता आहे, आणि 210 किलोमीटरला वाहतूक पाहता सबंध सकाळ द्यावी. त्या दिवशी पोहोचून लगेच गाण्याचा बेत करू नये.

काळ निवडताना पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक दोन्ही पाहावे. दिवाळीनंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि ज्या घरात परीक्षार्थी आहे तिथे बैठक होत नाही, शेजारच्या घरात असला तरीही होत नाही. गणपतीत सगळे आपापल्या मंडळात गुंतलेले असतात. जुलै-ऑगस्टच्या पावसात बाहेरचे कार्यक्रम कमी झालेले असतात, तेव्हा घरातली बैठक फार रंगते. मात्र दमट हवेत गिटारचे लाकूड फुगते आणि तारा पट्टीपासून वर उचलल्यासारख्या होतात. त्या दिवसांत गिटारच्या पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि गाण्याच्या खोलीत वाद्य तासभर आधी उघडून ठेवावे, म्हणजे ते तिथल्या हवेला सरावते आणि पहिल्याच गाण्यात उतरत नाही.

पुण्यात तुम्ही फार वारंवार गाऊ नये, असेही मला वाटते. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा हिराबागेतले ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा जागी तीन-चार महिन्यांतून एकदा, पूर्ण तयारीनिशी आणि नवीन गाण्यांसह कार्यक्रम करावा. दर पंधरवड्याला कुठेतरी ऐकायला मिळणाऱ्या गाण्यासाठी कोणी मुद्दाम वेळ काढत नाही.

घरगुती बैठकीच्या खोलीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण यशापयश बरेचसे तिथेच ठरते. पंचवीस-तीस माणसे आणि एक गिटार असेल तर ध्वनिक्षेपक लावूच नये. माइक नसला की श्रोते आपोआप जवळ सरकतात आणि गाणाराही शब्द जपून टाकतो. फरशी आणि मोकळ्या भिंती असलेला दिवाणखाना रिकामा असताना फार घुमतो, पण माणसे बसली की त्यांचे कपडे आणि अंगे आवाज शोषून घेतात. म्हणून दुपारी रिकाम्या खोलीत सराव करताना घुमारा ऐकून घाबरू नये आणि त्यावर विसंबूही नये. सतरंजी, पडदे, सोफ्याच्या गाद्या मागवून घ्याव्यात. पाठ भिंतीकडे किंवा कोपऱ्याकडे ठेवून बसावे, खिडकीकडे नव्हे. यजमानांना आधीच विचारून घ्यावे की पंखा कितपत आवाज करतो, फ्रिज त्याच खोलीत आहे का, दाराची घंटा तासभर बंद ठेवता येईल का, आणि वरच्या मजल्यावर सायंकाळी काय चालते. मला एकदा संपूर्ण अभंगभर शेजारच्या कुकरच्या शिट्या सोबतीला होत्या, आणि त्या वेळी श्रोत्यांनी जी शांतता राखली, ती मी आजही विसरलेले नाही. तरीही पुढच्या घरी मी वेळ विचारूनच ठरवली. साडेसहाला सुरू करून सव्वाआठपर्यंत संपवावे, म्हणजे माणसे जेवायला घरी पोहोचतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरायचा असेल तर रात्री 10 ते सकाळी 6 कायद्याने मनाई आहे, आणि गच्चीवर कार्यक्रम असला की सोसायटीला आधी कळवणे हे यजमानांवर सोडू नये, त्यांना आठवण करावी.

जिथे ध्वनियंत्रणा लागतेच, तिथे स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे गिटार ध्वनियंत्रणेला जोडण्याची छोटी डबी, न्यावा. जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसते, मग गिटार जोडताच गुणगुण सुरू होते आणि ती काही वेळा त्याच डबीवरच्या ग्राउंड लिफ्टच्या, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडणाऱ्या, खटक्याने थांबते. दोन केबल, तारांचे दोन संच, गिटारच्या प्रीअँपला लागते ती 9 व्होल्टची बॅटरी आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड एवढे पिशवीत असले की तुम्ही कोणावर अवलंबून राहत नाही.

कॅफेंबाबत माझे मत कडक आहे. होकार देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: गाणे चालू असताना यंत्र आणि वाढप थांबवाल का? उत्तर नकारार्थी असेल तर ती जागा वाईट ठरत नाही, पण तिथे गाणे हा गप्पांचा पडदा असतो आणि तुमची गाणी शब्दांवर उभी आहेत. अशा ठिकाणी मिळणाऱ्या तीन हजारांसाठी एक संध्याकाळ आणि गळा खर्च करू नये.

पैशांच्या बोलण्यात तुम्हाला संकोच वाटतो, तो मी ओळखते. एका गावातल्या एका संस्थेच्या विश्वस्तांनी मला "पुढच्या आठवड्यात पाठवतो" असे सांगितले, मी तीन पत्रे पाठवली, आणि ते मानधन कधीच आले नाही. त्या कार्यक्रमाचा एकही कागद माझ्याकडे नव्हता, त्यामुळे मागण्याला आधारही नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक कार्यक्रमाआधी एक साधे पत्र पाठवू लागले: तारीख, वेळ, जागा, कार्यक्रमाची लांबी, मानधनाचा आकडा, त्यातले निम्मे तारीख पक्की करताना आणि उरलेले त्याच रात्री, मुक्कामाची सोय कोणाकडे, आणि रद्द झाल्यास काय. आज हेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून समोरून "मान्य" असे उत्तर घेतले तरी पुरते. तुमच्या 5,000 साठी आयोजकांना आता असाच एक शांत, तारखेनिशी संदेश पाठवा आणि ठरावीक दिवसाची मुदत लिहा.

घरगुती बैठकीत आकडा निमंत्रणातच असावा, समजा प्रत्येकी 300 रुपये, आणि तो यजमानांनी सांगावा. गाणारीने स्वतःसाठी मागणे आणि घरच्या माणसाने तिच्यासाठी मागणे यांत श्रोत्याच्या मनाला फार फरक पडतो, आणि आरतीचे ताटही कीर्तनकार स्वतः फिरवत नाही. ज्याला परवडत नाही त्याने तसेच यावे, हेही यजमानांनीच सांगावे. तीस जणांच्या खोलीत बावीस जणांनी दिले तरी 6,600 होतात आणि मुक्काम-जेवण घरचेच असते. संस्थेकडून मानधन घेताना पॅन द्यावा लागतो. एका संस्थेकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून अधिक मिळाले तर 10 टक्के टीडीएस कापला जातो आणि तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख रुपये आहे, तेव्हा ती काळजी आज नको.

तुम्ही चाली लावलेल्या दोन कवितांचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मी आवर्जून सांगते. आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क चालू राहतात. संतांची रचना असो, बालकवी असोत वा 1956 साली निधन पावलेले मर्ढेकर असोत, त्यांच्या शब्दांना परवानगी लागत नाही. कुसुमाग्रजांचे निधन 1999 चे, त्यामुळे त्यांच्या कवितेसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी हवीच. तुमच्या दोन कवींपैकी एक हयात आहेत असे पत्रावरून दिसते. त्यांना पत्र लिहा, चाल ऐकवा. स्वतःच्या गाण्यांसाठी गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी, हक्काचे पैसे गोळा करून देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे सभासदत्व घ्यावे.

आईंचे म्हणणे मला योग्य वाटते, आणि ते पाळून दौरा होऊ शकतो. गावात उजेडी पोहोचावे, कार्यक्रमानंतर त्याच रात्री पुढे निघू नये, मुक्काम जिथे घरात बाई आहे अशा ओळखीच्या कुटुंबात असावा, आणि कुठे उतरला आहात हे त्या गावातून निघाल्यावरच जाहीर करावे. एका माणसाला रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा. ते माणूस म्हणजे आईच असू शकते. सलग दोन कार्यक्रम झाले की तिसरा दिवस रिकामा ठेवावा, आणि त्या दिवशी बोलणेही कमी करावे. एकटीने फिरताना गळा गाण्याने जितका थकतो त्याहून अधिक अनोळखी माणसांशी मोठ्याने बोलून थकतो.

याहून कठीण असतो कार्यक्रमानंतरचा तास. दोन तास सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर असतात आणि मग अचानक लॉजची खोली, ट्यूबलाइट आणि मोबाइल. तुमच्या पत्रातला सगळा हिशेब, किती आले, कोण मध्येच उठले, कोणते कडवे चुकले, मला वाटते त्याच तासात झालेला आहे. त्या वेळी कोणताही निष्कर्ष काढू नका. यजमानांच्या स्वयंपाकघरात बसा, वाढतील ते पिठलं-भाकरी जेवा, त्यांच्या घरातल्या गोष्टी ऐका. माझी दोन गाणी अशाच जेवणानंतर ऐकलेल्या बोलण्यातून आली आहेत. आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी एका वहीत लिहावेत.

त्याच वहीत प्रत्येक गावाची पाने वेगळी ठेवा. कार्यक्रम संपताना ती श्रोत्यांतून फिरू द्या आणि नाव, फोन, राहण्याचा भाग इतकेच लिहायला सांगा. नाशिकच्या नऊ जणांची नावे आज तुमच्याकडे नाहीत, पण त्या शिक्षिकाबाईंचा नंबर तिथल्या आयोजकांकडे नक्की असेल. या आठवड्यात तो मागून घ्या आणि त्यांना फोन करा. दिवाळीनंतरचा कोणता शनिवार सोयीचा आहे ते विचारा, दिवाणखान्यात किती माणसे बसतील ते विचारा, शब्द मागणाऱ्या त्या दोघांना त्या ओळखतात का ते विचारा. जानेवारीत राहिलेल्या दोन गाण्यांनी सुरुवात करणार आहे, हे त्यांना सांगा. आणि पंखा फार आवाज करतो का, तेही विचारून ठेवा.